माणूस आणि समाज : दोन विषय, एक अभ्यास

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी कोणी विद्वान नाही, प्राध्यापकही नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा एक कारकून आहे. आपल्या चिटणीस साहेबांनी मला निरोप दिला तेव्हा ते म्हणाले होते, "बँकेच्या परीक्षांची तयारी कशी करावी, यावर अर्धा तास बोला." मी त्यांना विनंती केली की त्या विषयावर पुढे कधीतरी बोलेन, या वेळी मला दुसऱ्या विषयावर बोलू द्या. त्यांनी परवानगी दिली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

विषय बदलण्याचे कारण सांगतो. गेल्या महिन्यात आपल्याच वसाहतीतील एक मुलगी आईला बरोबर घेऊन माझ्या घरी आली. बारावी चांगल्या गुणांनी पास झालेली. मला म्हणाली, "काका, मला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचं आहे. तुम्ही हेच विषय घेतले होते ना?" तिच्या आईने लगेच म्हटले, "भाऊ, तुम्हीच समजवा हिला. या शिक्षणाने पोट भरतं का?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. इकडचे तिकडचे बोललो, चहा झाला आणि त्या दोघी निघून गेल्या. आजचे माझे भाषण म्हणजे त्या माउलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. ती माउली आज या सभागृहात बसलेली आहे.

मित्रहो, हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याही घरात विचारला गेला होता. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी होते. ते म्हणाले, "अरे, लोखंड शिकलास तर लोखंडाचं काम मिळेल. समाज शिकून कोणतं काम मिळणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर मी ते विषय फार विचार करून घेतलेही नव्हते. मुंबई विद्यापीठात त्या काळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सहा पेपर असत. कोणी सहाही एकाच विषयाचे घेत, कोणी दोन विषयांचे तीन-तीन घेत. समाजशास्त्राचे सर मला आवडत आणि मानसशास्त्राच्या बाई चांगले शिकवीत, म्हणून मी तीन इकडचे आणि तीन तिकडचे घेतले. इतके साधे कारण. पण त्या तीन आणि तीन पेपरांनी मला जे दिले ते बँकेच्या पगाराने दिले नाही, हे आज मी जबाबदारीने सांगू शकतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मानसशास्त्र शिकलेला म्हटले की लोक विचारतात, "सांगा बघू, माझ्या मनात काय चाललंय?" आणि समाजशास्त्र शिकलेला म्हटले की त्यांना वाटते हा समाजसेवक असणार. दोन्ही चूक. माणूस पाहतो कसा, शिकतो कसा, विसरतो कसा, घाबरतो का, दुसऱ्याविषयी मत कसे बनवितो, याचा प्रयोगाने आणि निरीक्षणाने केलेला अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. कुटुंब, जात, वर्ग, धर्म, शाळा, बाजार यांची घडी कशी बसते आणि कशी मोडते, याचा अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम नावाचे अभ्यासक होऊन गेले. त्यांनी १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले की जे कृत्य अगदी एकट्याचे, खाजगी वाटते, त्याचेही प्रमाण समाजासमाजांत वेगवेगळे असते आणि त्याची कारणे माणसे एकमेकांशी किती बांधलेली आहेत यात सापडतात.

आता कोणी म्हणेल, एकच विषय खोलवर शिकावा, दोन कशाला? याचे उत्तर मला एका लाकडी पट्टीने दिले. आमच्या बाईंनी एकदा वर्गात दोन रेघांची पट्टी आणली होती. दोन्ही रेघांची लांबी सारखीच. एका रेघेच्या टोकांना बाणाची टोके आतल्या बाजूला वळविलेली आणि दुसरीची बाहेर उघडलेली. बाहेर उघडलेली रेघ सर्वांनाच लांब दिसली. मोजून पाहिली तर सारखी. मोजल्यानंतर पुन्हा पाहिली तरी लांबच दिसली! याला म्युलर-लायर भ्रम म्हणतात. मला वाटले, डोळ्यांची रचना सगळ्या माणसांची सारखी, तेव्हा हा भ्रमही सगळ्यांना सारखाच होणार.

तेव्हा बाईंनी रिव्हर्स नावाच्या इंग्रज संशोधकाची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ केंब्रिजला प्रायोगिक मानसशास्त्र शिकवीत. १८९८ साली ते ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेले आणि पुढे आपल्या निलगिरी पर्वतातील तोडा लोकांमध्ये राहिले. त्यांनी तेथे हाच भ्रम तपासला. तेव्हा असे आढळले की इंग्रज माणसे जितकी फसतात तितके हे लोक फसत नाहीत. असे का, यावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले. चौकोनी घरे आणि सरळ कोपरे यांत वाढलेल्या माणसाचा डोळा वेगळा घडतो, असे एक मत पुढे आले, त्यालाही हरकती घेतल्या गेल्या. ते काहीही असो. माझ्यासारख्या विद्यार्थ्याला त्या दिवशी एक गोष्ट कळली. साधी रेघ पाहण्यातसुद्धा समाज डोळ्यांत येऊन बसलेला असतो. मग माणसाकडे पाहताना तो किती बसत असेल! मन शिकायचे तर समाज सोडून शिकता येत नाही, आणि समाज शिकायचा तर मन सोडून शिकता येत नाही.

मित्रहो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पण त्यांनी समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, इतिहास असे विषय एकमेकांना जोडून अभ्यासले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस वर्षांचे. त्या निबंधात ते सांगतात की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीतच विवाह करणे. मग ही पद्धत सगळीकडे पसरली कशी? येथे त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे अनुकरण. ज्याला समाज मोठा मानतो त्याचे खालच्याने अनुकरण करणे. यासाठी त्यांनी तार्द या फ्रेंच विचारवंताच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. दुसरी म्हणजे ज्यांनी स्वतःहून काही केले नाही, पण बाकीच्यांनी दारे बंद केली म्हणून जे आपोआप वेगळी जात होऊन बसले. पहिले स्पष्टीकरण मनाचे आहे, दुसरे समाजाच्या यंत्राचे आहे. आणि जात समजण्यासाठी ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परपूरक आहेत, दोन्ही आवश्यक आहेत, असे बाबासाहेबांनी त्याच निबंधात प्रतिपादन केले आहे.

आपल्या देशात मानसशास्त्राचा पहिला विभाग कलकत्ता विद्यापीठात निघाला तोही १९१६ साली. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला. म्हणजे हे विषय आपल्या विद्यापीठांतून नुकतेच रुजत असताना एक पंचवीस वर्षांचा विद्यार्थी या दोन दृष्टी एकत्र बांधून जातीचे कोडे सोडवू पाहत होता. तेव्हा कोणी तुम्हांला म्हणाले की हे विषय आपल्या कामाचे नाहीत, तर त्यांना हा निबंध वाचायला द्या.

त्याच कोलंबिया विद्यापीठात पुढे केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यांनी लहान मुलांवर एक प्रयोग केला. तीन ते सात वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुले. त्यांच्यापुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. कोणती बाहुली चांगली, कोणती वाईट, कोणती तुझ्यासारखी, असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली. हा प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा हवाला आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या मनात काय बसले हे पाहणे मानसशास्त्राचे काम. ते तेथे कोणी बसविले हे पाहणे समाजशास्त्राचे काम. न्यायालयापुढे ही दोन्ही कामे एकत्र उभी राहिली.

आता घरातली गोष्ट सांगतो. ज्याची आहे त्याला विचारून सांगतो. माझ्या ताईचा मुलगा एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लागला. दहावी-बारावीला हुशार. पहिल्या वर्षी चार विषयांत केटी लागली. घरात रोज वाद. माझे भावजी म्हणत, "हा मन लावून अभ्यासच करत नाही. सगळं लक्ष मोबाइलमध्ये." आमच्या नात्यातील एक कार्यकर्ते म्हणत, "त्याचा काही दोष नाही, व्यवस्थाच अशी आहे." दोघेही प्रेमापोटीच बोलत होते. परंतु एकाच्या बोलण्याने मुलगा अधिक खचत होता आणि दुसऱ्याच्या बोलण्याने त्याच्या हातात करण्यासारखे काही राहत नव्हते.

एका रविवारी मी त्याला घेऊन फिरायला गेलो. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "मामा, उत्तर येत असतं, पण हात वर होत नाही." पहिल्याच आठवड्यात वर्गात कोणीतरी प्रवेशाच्या यादीवरून कोण कोणत्या कोट्यातला हे मोठ्याने वाचून दाखविले होते. कोणी शिवी दिली नाही, मारले नाही. फक्त वाचून दाखविले. त्या दिवसापासून हा मागच्या बाकावर बसू लागला.

मला तेव्हा एक संशोधन आठवले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतली आणि निम्मी खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतली. कोणाचीही जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हींच्या कामगिरीत फरक दिसला नाही. पण जेथे सर्वांसमक्ष मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली, तेथे खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या मुलांची कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी घसरली. हे संशोधन २००४ साली प्रथम मांडले गेले. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. अमेरिकेत याच धर्तीवर झालेल्या काही प्रयोगांचे निष्कर्ष पुढे पुन्हा तपासले तेव्हा तितके ठळक मिळाले नाहीत. म्हणून एका प्रयोगावर सगळी इमारत बांधू नये, हेही हाच विषय शिकवितो. परंतु माझ्या भाच्याला त्या दिवशी एवढे कळले की आपल्यात काही उणे नाही, आणि जे घडते आहे त्याला नाव आहे. ते कळल्यावर आम्ही दोन कामे केली. महाविद्यालयातल्या समुपदेशक बाईंकडे तो चार-पाच वेळा गेला. आणि आपल्याच भागातील वरच्या वर्गातल्या तीन मुलांबरोबर त्याने रात्रीचा अभ्यास सुरू केला. एक इलाज मनाचा, एक संगतीचा. त्याचे एक वर्ष गेले, ते परत आले नाही. पण तो पास झाला आणि आज नोकरी करतो.

मित्रहो, आपल्या सभांमधून एक वाक्य नेहमी ऐकू येते. "आपल्या समाजात न्यूनगंड आहे." मीही पूर्वी टाळ्या वाजविल्या आहेत. आता वाजवीत नाही. ज्याची यादी मोठ्याने वाचली गेली त्याने मान खाली घातली, तर तो त्याचा गंड म्हणायचा की वाचणाऱ्याचा गुन्हा? आणि दुसऱ्या बाजूने, "व्यवस्था बदलल्याशिवाय काही होणार नाही," असे म्हणून केटीचे विषय सुटतात काय? नुसते मानसशास्त्र शिकलेला सगळा दोष माणसाच्या डोक्यात शोधतो. नुसते समाजशास्त्र शिकलेला माणसाला विसरून आकडे मोजतो. या दोन चुकांपासून वाचायचे असेल तर हे विषय एकमेकांच्या शेजारी बसवून शिकावे लागतात.

बँकेच्या काउंटरवर याचा काय उपयोग, असेही कोणी विचारील. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. १० तारखेला बँका उघडल्या तेव्हा आमच्या शाखेपुढची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दुपारी एक बाई आली. पदरात पाचशेच्या सोळा नोटा. स्लिप भरलेली नाही, विचारले ते नीट सांगत नाही. मागचे लोक ओरडत होते. मीही वैतागलो. मनात म्हटले, काय अडाणी बाई आहे! मग तिच्या हाताकडे लक्ष गेले. हात थरथरत होता. हळूच म्हणाली, "दादा, पासबुकावर दिसंल का? घरी कळंल का?" नवऱ्याबरोबरचे जोडखाते होते. घरखर्चातून दहा-वीस करून वर्षानुवर्षे साठविलेले ते पैसे होते.

दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव कारण आणि आपल्या वागण्याला परिस्थिती कारण, असे आपण सतत धरून चालतो. मानसशास्त्रात ही चूक पहिल्याच वर्षी शिकवितात. माझा वैताग गर्दीमुळे आणि तिचा गोंधळ अडाणीपणामुळे, असे मी धरून चाललो होतो. आणि कष्टाने वाचविलेला स्वतःचा पैसा बाईला स्वतःच्या घरात लपवावा का लागतो, हा प्रश्न समाजशास्त्राचा. त्या वेळी चार हजारांपर्यंत नोटा ओळखपत्रावर बदलून मिळत होत्या. तेवढ्या बदलून दिल्या. उरलेल्या चार हजारांसाठी तिला दुसऱ्या दिवशी आधार कार्ड आणि फोटो घेऊन बोलाविले आणि तिच्या एकटीच्या नावे खाते काढून दिले. आजही ती त्या खात्यात थोडी थोडी भर घालते. मी काही मोठे केले नाही, नियमातच होते ते केले. पण ते दोन विषय शिकलो नसतो तर त्या दिवशी मी तिला रांगेतून बाजूला केले असते, हे मला ठाऊक आहे.

आता माउलीच्या प्रश्नाकडे येतो. पोट भरते का? प्रामाणिक उत्तर असे की नुसत्या बी.ए.वर भरणे कठीण आहे. पण पुढचा रस्ता आधीपासून ठरविला तर भरते. तो रस्ता मी थोडक्यात सांगतो, विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावा.

पहिली गोष्ट, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर आणि मायनर अशी रचना आली आहे. एक विषय मेजर म्हणजे मुख्य आणि दुसरा मायनर म्हणजे जोडविषय. प्रत्येक महाविद्यालयात हवी ती जोडी मिळेलच असे नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयात जाऊन विचारा. पुढे समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर मानसशास्त्र मुख्य ठेवावे. स्पर्धा परीक्षा, समाजकार्य, संशोधन याकडे ओढा असेल तर समाजशास्त्र मुख्य ठेवले तरी चालेल. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हे दोन्ही विषय वैकल्पिक म्हणून आहेत आणि वैकल्पिक विषयाला ५०० गुण आहेत. मात्र घेता येतो एकच.

दुसरी गोष्ट, संख्याशास्त्राला भिऊ नका. दोन्ही विषयांत सरासरी, प्रमाण, सहसंबंध, नमुना निवड हे करावेच लागते. कला शाखेत गणित सुटले असे समजून आलेली मुले येथेच अडखळतात. मीही अडखळलो होतो. मला एका कॉमर्सच्या मित्राने शिकविले.

तिसरी गोष्ट, भाषा. मराठीतून शिकून आलेल्या मुलाला मानसशास्त्राचे इंग्रजी शब्द दगडासारखे लागतात. मी एक वही केली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी आणि खाली आपल्या वसाहतीतले एक उदाहरण. समाजीकरण म्हणजे काय, याच्या खाली मी लिहिले होते : आमच्या आजीने मला पाहुण्यांसमोर कसे बसावे हे शिकविले ते. आपल्या घरातले उदाहरण मिळाले की शब्द विसरत नाही.

चौथी गोष्ट जरा काळजीपूर्वक ऐका, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून रुग्णांवर उपचार करायचे असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. चार महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन पाटी लावता येत नाही. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने मानसशास्त्राचा समावेश आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांत झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकविणे बंद केले. माणसाच्या मनाशी संबंधित काम हाताखाली शिकल्याशिवाय करू नये, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

मी बी.ए. झाल्यावर दोन वर्षांनी बँकेत लागलो. तेव्हाच ठरविले होते की नोकरी करता करता बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. करायचे. मग लग्न झाले, मुले झाली, घराचे हप्ते सुरू झाले. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी फॉर्म भरू. दोनदा तर माहितीपुस्तिका आणून कपाटात ठेवली. अशी वीस वर्षे गेली आणि बाहेरून एम.ए. करण्याचा तो मार्गच बंद झाला. यात नियमाचा दोष नाही. रस्ता उघडा होता तेव्हा मी चाललो नाही. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरांतून पहिली नोकरी लागली की शिक्षण संपले असे धरले जाते. त्यामागे गरज असते, मी कोणाला नावे ठेवीत नाही. पण "पुढच्या वर्षी" हा शब्द जपून वापरा.

शिकणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. अर्धवट शिकून माणसांवर चिठ्ठ्या चिकटवू नका. शेजारची वहिनी दोन दिवस गप्प बसली म्हणून तिला डिप्रेशन आहे असे जाहीर करू नका. ज्याला मदतीची गरज वाटते त्याचे ऐकून घ्या आणि जाणकाराकडे घेऊन चला. आपले काम तेवढेच आहे आणि ते मोठे आहे.

शेवटी मंडळाला एक विनंती करतो. मानसशास्त्रातले बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य देशांतल्या, त्यातही विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांवरच्या प्रयोगांवर उभे आहेत, अशी टीका २०१० साली हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मग आपल्या माणसांच्या मनाचा अभ्यास कोण करणार? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. आपल्या वसाहतीत असे किती ज्येष्ठ उरले आहेत, बोटांवर मोजता येतील. दीक्षेनंतर घरातले देव्हारे, सण, लग्नाचे विधी कसे बदलले, हे त्यांना विचारायला हवे. तो समाजाचा इतिहास आहे. आणि त्यानंतर गावच्या रस्त्याने चालताना मनात काय बदलले, भीती केव्हा गेली, गेली की नाही, हेही विचारायला हवे. तो मनाचा इतिहास आहे. हे विचारण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, ऐकण्याची तयारी आणि हे दोन विषय शिकलेला एक विद्यार्थी लागतो.

मंडळाने असा एक विद्यार्थी निवडावा आणि त्याची पदवीपर्यंतची फी भरावी. पहिल्या वर्षाच्या फीचा माझा वाटा मी आज चिटणीस साहेबांकडे देत आहे.

आणि वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. मुलीला हे विषय घेऊ द्या. पण बी.ए.वर थांबवू नका. पोट भरायला पाच-सहा वर्षे लागतील, तोवर तिला कोणी "पुढच्या वर्षी" म्हणायला लावू नका. फॉर्म भरायला येताना तिला माझ्याकडे घेऊन या. या वेळी मी इकडचे तिकडचे बोलणार नाही.